ट्रान्सफरची बातमी, कोकची बाटली आणि करारावरची तारीख

ऑगस्ट २०२५मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या स्पर्धेचे गट जाहीर झाले आणि एफसी गोवा व सौदी अरेबियाचा अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा क्लब, एकाच गटात आले. त्या दिवसापासून २२ ऑक्टोबरपर्यंत गोव्यात एकच प्रश्न फिरत होता: रोनाल्डो फातोर्ड्याच्या मैदानावर येणार का? रस-ऑम्लेटच्या गाड्यावर, फेरीबोटीत, म्हापशाच्या बाजारात, फोंड्याच्या कदंब स्टँडवर, जिथे चार माणसं उभी तिथे हाच विषय. कुणी सांगे व्हिसा झाला, कुणी सांगे हॉटेल ठरलं. शेवटी संघ आला, रोनाल्डो आला नाही. अल नस्रने सामना २-१ असा जिंकला. गोव्याकडून ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, आणि त्या रात्रीची खरी आठवण तो गोलच आहे असं मी मानतो.

रोनाल्डो न येण्याची चिन्हं आधीच दिसत होती. गटातल्या पहिल्या दोन्ही सामन्यांत तो खेळला नव्हता, आणि त्यातला एक तर घरच्या मैदानावर होता. सौदीबाहेरच्या सामन्यांना जायचं की नाही हे ठरवण्याची मुभा त्याला करारात आहे, असंही वारंवार छापून येत होतं. पण तेवढं वाचायला कुणाला सवड होती?

फुटबॉलच्या जवळजवळ प्रत्येक अफवेमागे कुठला तरी करार असतो, आणि त्या करारावर एक तारीख असते. ती तारीख समजली की बातमीत किती दम आहे हे घरबसल्या कळतं. खेळाडूंच्या ट्रान्सफरला हे लागू आहे, आणि सामना बघताना ज्या दोन शीतपेयांवरून आपण वाद घालतो त्यांनाही. तो करार कसा वाचायचा ते इथे सांगतो.

क्लब नेमकं विकतो काय?

"अमका खेळाडू इतक्या कोटींना विकला" असं आपण सहज म्हणतो. पण माणूस विकला जात नाही. खेळाडू आणि क्लब यांच्यात ठरावीक मुदतीचा करार असतो, आणि त्या क्लबच्या नावावर खेळाडूची नोंदणी असते. मुदत संपण्याआधी दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर चालू करार मोडण्याची भरपाई पहिल्या क्लबला द्यावी लागते. या भरपाईलाच आपण ट्रान्सफर फी म्हणतो.

आपल्याकडे मानशीची, म्हणजे बांधावरच्या पाण्याच्या दारात मासे धरण्याच्या हक्काची, पावणी (लिलाव) होते तसाच हा प्रकार. तीन वर्षांसाठी पावणी घेतलेल्या माणसाकडून दुसऱ्या वर्षी मानस हवी असेल तर त्याला राजी करून पैसे मोजावे लागतील. तिसरं वर्ष संपलं की त्याचा हक्कच उरत नाही, मग त्याला पैसे कशाचे द्यायचे?

हे आज उघड वाटतं, पण १९९५पर्यंत युरोपात तसं नव्हतं. जाँ-मार्क बॉस्मन हा बेल्जियमच्या आरएफसी लिएज क्लबचा खेळाडू. करार संपल्यावर त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. करार संपलेला असूनही क्लब फी मागू शकत होता, आणि त्यातच त्याचं जाणं अडलं. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघातल्या खेळाडूला करार संपल्यावर दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबमध्ये विनामोबदला जाता येईल. फुटबॉलमधला पैसा क्लबांच्या हातून खेळाडूंच्या आणि एजंटांच्या हाती सरकला तो या निकालामुळे. बॉस्मनला स्वतःला त्याचा फारसा लाभ झाला नाही. आज कोट्यवधी कमावणाऱ्या प्रत्येक खेळाडूने त्याचं नाव लक्षात ठेवायला हवं.

फिफाच्या नियमाप्रमाणे कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. युरोपातले बहुतेक करार ३० जूनला संपतात, म्हणजे सहा महिने आधीचा दिवस १ जानेवारी. दर जानेवारीत "फुकट जाणार, फुकट जाणार" अशा बातम्यांचा पूर येतो तो यामुळे. त्याआधीच्या उन्हाळ्यात क्लबपुढे दोनच वाटा असतात: करार वाढवायचा, नाहीतर मिळेल त्या किमतीला सोडायचं. म्हणून एखाद्या खेळाडूची बातमी आली की आधी त्याचा करार कुठल्या वर्षी संपतो ते बघा. एक वर्ष उरलं असेल तर बातमीत तथ्य असू शकतं. चार वर्षं उरली असतील तर कुणीतरी प्रचंड पैसा मोजल्याशिवाय काही घडणार नाही.

तारीख किती महागात पडते हे मेस्सीच्या बाबतीत जगाने पाहिलं. ऑगस्ट २०२०मध्ये त्याने बार्सिलोनाला रीतसर पत्र पाठवलं की मला जायचं आहे. हंगामाच्या शेवटी क्लब सोडण्याची मुभा त्याच्या करारात होती, पण त्याची सूचना १० जूनपर्यंत द्यायची होती. कोविडमुळे तो हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला. मेस्सीचं म्हणणं, हंगाम आत्ता संपला, म्हणजे माझी मुदत आत्ता सुरू झाली. क्लबचं म्हणणं, १० जून गेली, आता जायचं तर ७० कोटी युरोंचा रिलीज क्लॉज भरा. मेस्सीने न्यायालयाची वाट धरली नाही, तो थांबला. पुढच्या वर्षी ३० जूनला करार संपला. नवा करार करायला दोघेही तयार असताना ला लिगा या स्पॅनिश लीगच्या आर्थिक मर्यादेमुळे क्लबला त्याची नोंदणी करता आली नाही, आणि ऑगस्ट २०२१मध्ये तो पॅरिसला गेला. ज्याच्यासाठी आदल्या वर्षी ७० कोटींचा आकडा पुढे केला होता, त्याच्या जाण्यातून बार्सिलोनाला एक युरो फी मिळाली नाही.

रिलीज क्लॉज म्हणजे करारातच लिहिलेली रक्कम. ती भरली की क्लबला अडवता येत नाही. स्पेनमध्ये ही पद्धत सर्रास आहे. २०१७मध्ये नेमारसाठी २२.२ कोटी युरो भरले गेले तेव्हा बार्सिलोनाला "नाही" म्हणायची सोयच नव्हती. म्हणून "क्लब विकायला तयार नाही" ही बातमी वाचताना करारात असा क्लॉज आहे का हे विचारावं. असेल तर क्लबच्या नकाराला अर्थ नाही, खरेदीदाराच्या बँक खात्याला आहे.

शंभर कोटींची फी वहीत कशी लिहितात

हा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण तो कळला की इंग्लिश क्लबांच्या निम्म्या बातम्या उलगडतात.

समजा एका क्लबने पाच वर्षांच्या करारावर १०० कोटी देऊन खेळाडू आणला. वहीत तो खर्च एकदम लिहिला जात नाही, पाच वर्षांत वाटला जातो, दर वर्षी २० कोटी. दोन वर्षांनी वहीत त्याची शिल्लक किंमत ६० कोटी राहते. तेव्हा तो ७० कोटींना गेला तर आपण म्हणू ३० कोटींचं नुकसान, पण वहीत १० कोटींचा नफा दिसतो.

आता करार पाचऐवजी आठ वर्षांचा केला, तर वर्षाचा बोजा साडेबारा कोटींवर येतो. चेल्सीने २०२३च्या जानेवारीत मुद्रिक आणि एन्झो फर्नांडिस यांना साडेआठ वर्षांचे करार दिले त्यामागे हेच गणित होतं. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने लगेच त्याच वर्षी आपल्या हिशेबासाठी वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांत करण्याचा नियम आणला.

याची दुसरी बाजू मला फार बोचते. अकादमीत वाढवलेल्या मुलासाठी फी दिलेली नसते, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य. तो विकला की येणारा प्रत्येक पैसा नफा. त्यामुळे आर्थिक नियमांच्या कात्रीत सापडलेला क्लब आधी घरच्या मुलालाच बाजारात उभा करतो, ज्याच्यासाठी प्रेक्षक सगळ्यात मोठ्याने ओरडतात त्यालाच. जून महिन्यात अशा मुलाच्या विक्रीची बातमी आली तर ती हलक्यात घेऊ नका, कारण बऱ्याच क्लबांचं हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपतं.

"मामा, डील पक्की!"

भाचा फोन पुढे करतो, "मामा, रोमानोने टाकलंय, डील पक्की!" आणि मामा विचारतो, "सही झाली काय रे?" मामाचा प्रश्न योग्य आहे, फक्त थोडा आणखी बारकाईने विचारायला हवा.

फॅब्रिझियो रोमानो या इटालियन पत्रकाराचं "हिअर वी गो" जगभर गाजलं, कारण तो ते शब्द बहुतेक वेळा सौदा टप्प्यात आल्यावरच वापरतो. बाकीच्यांच्या बातम्यांत शब्द नीट पारखावे लागतात. "क्लबला रस आहे" याचा अर्थ काहीही असू शकतो. प्रत्येक मोठा क्लब एकाच जागेसाठी दहा-बारा खेळाडूंवर नजर ठेवून असतो आणि त्या सगळ्यांत त्याला रस असतोच. "एजंटाशी बोलणी" यालाही फार वजन नाही, कारण एजंटाचं कामच बोलणं. "खेळाडूशी अटी ठरल्या" याने पगाराचा प्रश्न मिटला, क्लबाक्लबांतला नाही. "दोन्ही क्लबांचं जमलं" इथून पुढे बातमी जड होते, आणि "मेडिकल ठरली" म्हणजे ती जवळजवळ झाली.

मेडिकल सहीच्या आधी का होते, हे फार जणांना ठाऊक नसतं. फिफाच्या नियमाप्रमाणे "वैद्यकीय तपासणीत पास झाला तरच करार वैध" अशी अट घालता येत नाही. एकदा सही केली की गुडघा दुखरा निघाला तरी करार बांधतोच. म्हणून क्लब आधी गुडघा, हृदय, जुन्या दुखापती सगळं तपासून घेतो आणि मगच पेन हातात घेतो.

सही झाली तरी एक पायरी उरते, ती नोंदणीची. दोन देशांतल्या क्लबांमधला प्रत्येक बदल २०१०पासून फिफाच्या टीएमएस या संगणकीय यंत्रणेतून जातो. दोन्ही क्लबांनी भरलेली माहिती जुळावी लागते, कागदपत्रं वेळेत चढवावी लागतात, मग आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र मिळतं. ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे नोंदणीसाठी ठरवून दिलेली मुदत, बंद व्हायच्या आत हे झालं नाही तर सगळं फुकट. २०१५मध्ये मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक डे हेआ रेआल माद्रिदला जाणार हे ठरलेलं होतं, पण ३१ ऑगस्टच्या रात्री कागद वेळेत पोहोचले नाहीत आणि तो मँचेस्टरलाच राहिला. २०१७मध्ये लेस्टरने आद्रियेन सिल्वाला घेतलं. कागद १४ सेकंद उशिरा गेले आणि तो जानेवारी २०१८पर्यंत एकही सामना खेळू शकला नाही. चांगल्या वयातले चार महिने गेले!

मग अफवा सोडतं कोण? अनेकदा तीच माणसं, ज्यांना तिचा उपयोग असतो. करारवाढीची बोलणी अडली की एजंट दुसऱ्या क्लबचं नाव बाहेर सोडतो, म्हणजे सध्याचा क्लब पगार वाढवेल. विकणारा क्लब दोन-तीन खरेदीदारांची नावं पसरवतो, म्हणजे भाव चढेल. रोनाल्डोचंच बघा. त्याचा करार ३० जून २०२५ला संपत होता. मे महिन्याच्या अखेरीस त्याने हा अध्याय संपला अशा अर्थाचं काहीतरी टाकलं, आणि क्लब वर्ल्ड कप तोंडावर असल्यामुळे जगातल्या निम्म्या क्लबांशी त्याचं नाव जोडलं गेलं. महिन्याभरात त्याने अल नस्रशीच २०२७पर्यंतचा करार केला.

क्वचित अफवा निवडणूकही जिंकून देते. २००० साली रेआल माद्रिदच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या फ्लोरेन्तिनो पेरेझने वचन दिलं की निवडून आलो तर बार्सिलोनाच्या कर्णधारांपैकी एक असलेला लुईस फिगो आणतो, आणला नाही तर सभासदांच्या हंगामी तिकिटांचे पैसे मी भरतो. अशक्य वाटणाऱ्या त्या बातमीमागे फिगोच्या बाजूशी आधीच झालेला करार होता. पेरेझ जिंकला, फिगो आला. दोन वर्षांनी बार्सिलोनाच्या मैदानावर कॉर्नर घ्यायला गेलेल्या फिगोच्या दिशेने प्रेक्षकांनी डुकराचं मुंडकं फेकलं.

गोव्याचंही असंच एक दुखणं आहे. २०१९-२०मध्ये एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या साखळीत अव्वल ठरला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब झाला. त्याच २०२० सालात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीकडे गेला, आणि ह्युगो बुमू, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, आपला मंदार राव देसाई हेही मुंबईच्या जर्सीत दिसू लागले. २०२०-२१चा हंगाम कोविडमुळे संपूर्ण गोव्यात झाला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टीवर हरवलं आणि पुढे चषकही नेला. त्या वेळी अनेकांनी खेळाडूंना गद्दार ठरवलं. मला ते कधीच पटलं नाही. फुटबॉलपटूला दहा-बारा वर्षांची कमाई असते, आणि तिकडे मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी ग्रुपचा पैसा आणि ओळखीचा प्रशिक्षक दोन्ही होतं. राग धरायचाच तर तो करार वेळेवर न वाढवण्यावर धरावा.

बाटल्यांचं भांडण

सामना बघताना टेबलावर काय असावं यावरही आपल्याकडे पक्ष पडतात. कोकवाले, पेप्सीवाले, आणि "थम्स अपसारखं काही नाही" म्हणणारे. एप्रिल-मेमध्ये उर्राक, म्हणजे लिम्का घालून प्यायची काजूची दारू, आला की लिम्कावाले सगळ्यांना मागे टाकतात.

यातही करारच वाचावे लागतात. परदेशी कंपन्यांनी भारतातला हिस्सा कमी करावा या सरकारी धोरणापुढे कोका-कोलाने १९७७मध्ये देश सोडला. त्याच वर्षी पार्लेच्या चौहानांनी थम्स अप आणलं. पेप्सी १९९०मध्ये लेहर पेप्सी या नावाने आली. १९९३मध्ये कोक परतलं आणि थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकतच घेऊन बसलं. म्हणजे आपल्या टेबलावरचा थम्स अपवाला आणि कोकवाला तीस वर्षांहून अधिक काळ एकाच कंपनीच्या बाजूने एकमेकांशी भांडत आहेत. मिरिंडा, माउंटन ड्यू, स्टिंग ही पेप्सीची. कॅम्पा २०२२मध्ये रिलायन्सने घेतलं आणि पुढच्या वर्षी बाजारात आणलं, त्यामुळे आता तिसरा पक्षही आहे.

फुटबॉलमध्ये या दोघांनी मैदान वाटून घेतलंय. कोका-कोला १९७८पासून फिफा वर्ल्ड कपचं अधिकृत प्रायोजक आहे, आणि १९८८पासून युरो स्पर्धेशी जोडलेलं आहे. पेप्सीने २०१५पासून युएफा चॅम्पियन्स लीग धरली. प्रायोजकत्वाच्या करारात वस्तूच्या प्रकारानुसार मक्तेदारी असते. एका स्पर्धेत एकच शीतपेय, एकच बिअर, एकच कार्ड कंपनी. पण ही मक्तेदारी स्पर्धेवर असते, खेळाडूवर नसते. मेस्सी वर्षानुवर्षं पेप्सीच्या जाहिरातीत होता आणि कोकचे फलक लागलेल्या मैदानात वर्ल्ड कप खेळला. दोन्ही करार आपापल्या जागी वैध. फक्त पेप्सीच्या जाहिरातीत वर्ल्ड कपचं नाव, चषक किंवा चिन्ह दिसता कामा नये. त्यामुळे वर्ल्ड कपच्या वर्षी पेप्सीच्या जाहिरातीत चेंडू असतो, खेळाडू असतात, गर्दी असते, स्पर्धेचं नाव मात्र कुठेच नसतं.

भारताने याचा अस्सल नमुना १९९६च्या क्रिकेट वर्ल्ड कपला पाहिला. अधिकृत पेय कोकचं होतं. पेप्सीने "नथिंग ऑफिशियल अबाउट इट" ही ओळ सोडली आणि लोकांच्या तोंडी तीच राहिली. अधिकृत पैसा एकाने मोजला, आठवणीत राहिला दुसरा.

खेळाडूच्या ट्रान्सफरमध्येही जाहिरातींचा भाग येतो. त्याला घेताना पगारासोबत त्याच्या चेहऱ्याच्या जाहिरातींतला वाटा कुणाचा किती हे ठरवावं लागतं. त्याचं पेय एक आणि क्लबचं पेय दुसरं असेल तर संघाच्या जर्सीत तो कुणाची बाटली धरणार, संघाच्या समूहफोटोत काय, हे सगळं कलमवार लिहिलं जातं. सौदे शेवटच्या क्षणी लांबतात ते कधी कधी या कलमांवर.

आता रोनाल्डोच्या त्या बाटल्यांकडे येऊ, कारण गोव्यात अजून कुणी ना कुणी ती गोष्ट सांगतोच. १४ जून २०२१, युरो स्पर्धा, बुडापेस्टमधली पत्रकार परिषद. रोनाल्डोने समोरच्या दोन कोकच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि पाण्याची बाटली उचलली. लगेच जगभर बातमी: कोका-कोलाचं बाजारमूल्य ४ अब्ज डॉलरने घसरलं! २४२ अब्जांवरून २३८ अब्ज.

घसरण खरी होती, कारण खोटं होतं. त्याच दिवशी कोका-कोलाचा शेअर एक्स-डिव्हिडंड झाला, म्हणजे त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला त्या तिमाहीचा ४२ सेंटचा लाभांश मिळणार नव्हता. असं झालं की शेअरचा भाव सकाळीच साधारण तेवढ्याने खाली उघडतो. कंपनीचे शेअर सुमारे ४३० कोटी. त्याला ४२ सेंटने गुणलं तर १.८ अब्ज डॉलर होतात. म्हणजे जवळजवळ निम्मी घसरण लाभांशाच्या तारखेची, आणि भाव तर रोनाल्डो खुर्चीत बसण्याआधीच उतरू लागला होता. त्या वर्षाच्या अखेरीस तोच शेअर ५९ डॉलरच्या आसपास होता, बाटल्या सारल्या त्या दिवसाच्या भावापेक्षा वर. रोनाल्डो साखरेच्या पेयांपासून लांब राहतो आणि मुलांनाही तसं सांगतो हे चांगलंच आहे. त्यासाठी त्याच्या नावावर चार अब्ज चढवायची गरज नाही.

पेय बनवणारी कंपनी स्वतःच क्लब विकत घेते तेव्हा ट्रान्सफर आणि बाटली एकच होऊन जातात. रेड बुलने २००५मध्ये साल्झबर्गचा क्लब घेतला, २००९मध्ये लाइपझिगमध्ये नवा उभा केला. जर्मनीत क्लबच्या नावात कंपनीचं नाव चालत नाही, म्हणून आरबी याचा विस्तार त्यांनी राझनबालश्पोर्ट असा केला. साल्झबर्गमध्ये वाढलेले नाबी केइता, दायो उपामेकानो, डोमिनिक सोबोस्लाय एकामागून एक लाइपझिगला गेले. असा बदल बातमीत आला की भाव, बोलणी यांची चर्चा फार करू नये, दोन्ही टोकांना पैसा एकाच घरचा असतो.

जर्मनीत यावरून अजून निदर्शनं होतात. गोव्याच्या माणसाला मात्र हे नवं नाही. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावं आपण खाणींमुळे आणि फुटबॉलमुळे एकाच वेळी शिकलो. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा आणलं, साळगावकरने दोनदा. त्या घराण्यांनी गोव्याच्या फुटबॉलला जे दिलं ते कुठल्याही शीतपेय कंपनीने दिलेलं नाही. पण क्लब एका घराच्या पैशावर उभा असला की त्या घराचा निर्णय हाच क्लबचा निर्णय ठरतो. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या. २०१६मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले, आणि फातोर्ड्याची ती जुनी गर्दी एका वर्षात विखुरली.

गावच्या क्लबच्या वहीतली नोंद

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगतो, आणि ती गावोगावच्या क्लब चालवणाऱ्यांसाठी आहे.

कुठलाही खेळाडू करार चालू असताना फी घेऊन दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या फीमधले पाच टक्के बाजूला काढावे लागतात आणि वयाच्या १२ ते २३ या काळात ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटावे लागतात. १२ ते १५ या चार हंगामांसाठी प्रत्येकी पाव टक्का, १६ ते २३ या आठ हंगामांसाठी प्रत्येकी अर्धा टक्का. फी १० कोटी असेल तर ५० लाख असे वाटले जातात. ज्या क्लबकडे तो मुलगा १२ ते १५ खेळला त्याचे १० लाख. पुढची दोन वर्षंही तिथेच राहिला तर आणखी १० लाख. बारा वर्षांच्या पोरांना भातशेताच्या कडेला शिकवणाऱ्या क्लबसाठी हे किती वर्षांचे गोलपोस्ट, जाळ्या आणि बूट होतात! करार संपवून फुकट गेलेल्या खेळाडूच्या बाबतीत मात्र या वाटणीतून काहीच येत नाही, कारण शून्याचे पाच टक्के शून्यच.

हा हक्क आपोआप मिळत नाही. क्लब संघटनेशी संलग्न असावा लागतो, आणि तो मुलगा त्या हंगामात त्या क्लबकडे नोंदलेला असावा लागतो. नुसता खेळला, फोटोत आहे, साऱ्या गावाला ठाऊक आहे, यातलं काही चालत नाही. २०२२पासून फिफाचं पॅरिसमधलं क्लिअरिंग हाउस ही वाटणी करतं, आणि ते खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवर चालतं. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या क्लबकडे, एवढंच त्यात असतं. भारतात ही माहिती महासंघाच्या सीआरएस या केंद्रीय नोंदणीतून येते.

गोव्यात पावसाळा संपला की गावागावांत स्पर्धा सुरू होतात आणि चांगला पोरगा एका हंगामात तीन संघांकडून खेळतो, नोंद मात्र एकाकडेही नसते. जन्मदाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. उद्या त्याच्यासाठी कुणी परदेशी क्लबने फी मोजली तर ही वर्षं कागदावर रिकामी दिसतील.

यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी क्लबच्या चिटणिसाने बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला मागून घ्यावा, नाव दाखल्यावर आहे तसंच सीआरएसवर चढवावं, नोंदणी मंजूर झाल्याचा पुरावा छापून फाइलमध्ये लावावा, आणि मुलगा दुसऱ्या क्लबकडे गेला तर त्या दिवसाची तारीख त्याच फाइलमध्ये लिहून ठेवावी.